बर्फावरच्या संघासाठी मुंबईत बारा दिवस

मी मुंबईला बर्फावर हॉकी खेळणारी माणसं शोधायला गेलो होतो असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, आणि मग विचारतो, "मिळाली का?" मिळाली. पण त्या बारा दिवसांत आणखीही बरंच काही पदरात पडलं. शिमल्याला परत येऊन तीन महिने झाले तरी मला एका जागी बसवत नाही. कचेरीत खुर्चीवरून चारदा उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. म्हणून लिहून काढतो आहे.

माझा जन्म शिमल्याचा. वडील कारकून, उन्हाळ्यात कचेरी डोंगरावर यायची तसे तेही आले आणि मग इथेच राहिले. घरात मराठी, दाराबाहेर पहाडी. मीही आता सरकारी कारकूनच आहे. हिवाळ्यात इथल्या एका मैदानावर संध्याकाळी पाणी मारतात, ते रात्रीतून गोठतं, आणि सकाळी ऊन चढेपर्यंत पात्याचे बूट घालून त्यावर घसरता येतं. सातव्या वर्षापासून मी तिथे पडत आलो आहे.

आमच्या क्लबाचे चिटणीस एक निवृत्त मेजर. दिल्लीच्या वकिलातींतले काही परदेशी लोक दर जानेवारीत इथे खेळायला येतात. त्यांनी मेजरसाहेबांना कळवलं की या वेळी तुमच्या देशाचा म्हणून एक संघ उभा करा, रीतसर सामना खेळू. देशाचा संघ! आमच्याकडे बर्फावर धड उभे राहणारे नऊ. त्यांतले चार पन्नाशीच्या पुढचे, आणि एकाचा गुडघा कामातून गेलेला.

ही बातमी दोन ओळींत कुठल्याशा वर्तमानपत्रात आली असावी, कारण पंधरा दिवसांनी मुंबईहून क्लबाच्या नावानं एक कार्ड आलं. अक्षर मोठं, पेन्सिलीचं. "आम्ही लालबागला चाकावर हॉकी खेळतो. बर्फावर खेळलो नाही. मात्र मी बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. येऊन बघून जावे. दत्ताराम परब."

मेजरसाहेबांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तू मराठी आहेस. तू जा. चारजण घेऊन ये."

तीन आठवड्यांची रजा आणि ट्रंकेत पात्याच्या बुटांचे चार जोड घेऊन मी निघालो. पंचावन्न सालची दिवाळी नुकतीच उलटली होती.

गिरगाव

कमलमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. यजमान वारल्यापासून गिरगावातल्या चाळीत एकटीच राहते. दारात मला पाहून पहिलं वाक्य बोलली, "अरे, हे घोंगडं काय अंगावर! काढ आधी!" घोंगडं म्हणजे माझा लोकरी कोट. तो काढल्यावर बारा दिवस पुन्हा घातला नाही.

आमच्याकडे दार बंद असतं. थंडी आत येऊ नये म्हणून फटीत कापड कोंबतो. इथे चाळीतलं एकही दार लागलेलं नाही. शेजारीण वाटी घेऊन आत येते, मी कोण ते विचारते, माझं लग्न झालंय का विचारते आणि साखर घेऊन जाते. आमच्याकडे नळ फुटू नये म्हणून रात्रभर थेंब थेंब चालू ठेवतात. इथे पहाटे नळाला पाणी आलं की सगळा मजला धावतो. जेवायला वालाची उसळ आणि घावन होते, आणि दोन्हींत ओला नारळ. शिमल्याला नारळ येतो तो सुकलेला, प्रसादापुरता. मी मावशीला म्हटलं की मी हे खोबरं नुसतंच खाऊ शकतो. ती खूश झाली, आणि मग वाढता वाढता थांबून तिनं विचारलं, "तुमच्या शिमल्याला काय म्हणतात रे? मुंबई कुणाला द्यायची म्हणतात?"

मी म्हणालो, "आमच्याकडे कुणी बोलत नाही त्यावर."

"बोलत नाही?" तिनं डाव पातेल्यात टाकला. "इथे आम्हांला झोप नाही, आणि तिथे कुणी बोलतसुद्धा नाही?"

खरंच कुणाला झोप नव्हती. जिन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं, खांबांवर चिकटवलेलं, गॅलरीतून गॅलरीत ओरडून सांगितलेलं, सगळीकडे एकच: मुंबईसह मराठी माणसांचं महाराष्ट्र राज्य हवं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी हवा होती, आणि माणसं ट्रामच्या थांब्यावरसुद्धा उभ्या उभ्या पाय बदलत होती. संध्याकाळी सभा, सकाळी फेरी. मला ते सगळं परक्याच्या घरातल्या भांडणासारखं वाटलं. मी माणसं घ्यायला आलो होतो, घेऊन जाणार होतो.

लालबाग

दुसऱ्या दिवशी ट्रामनं लालबागला गेलो. बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाशी भुशानं माखलेला, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी घातलेला एक माणूस उभा होता. हातात लाद्या ओढायचा लोखंडी आकडा.

"येवा, येवा! शिमल्याचे तुमीच ना? कोट खय तुमचो? मी कोटावरनं वळखणार होतंय."

हा दत्ताराम. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, मालवणकडचा, बोलताना सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलणारा. त्यानं मला आधी खेळ दाखवला नाही, जेवायला नेलं. एकाच गावच्या चौदाजणांनी मिळून घेतलेली ती एक खोली होती. पाळीप्रमाणे निम्मे गिरणीत, निम्मे झोपलेले. स्वयंपाक करत होते ते सदूकाका, वयानं सगळ्यांत मोठे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे. त्यांनी माझ्यापुढे बांगड्याचं सार आणि भात ठेवला. मी मासा कधी खाल्ला नव्हता. शाकाहारी घरातून आलो आहे हे त्यांनी ओळखलं असावं.

"खाशात?" त्यांनी विचारलं. "नायतर डाळ आसा."

मी खातो म्हणालो. ते शेजारी बसले आणि एकेक काटा काढून माझ्या पानात नुसतं मांस ठेवत गेले. इतकं निगुतीनं मला आईनंही कधी भरवलं नव्हतं. मावशीला मी हे सांगितलं नाही. इथे लिहितो आहे म्हणजे आता तिला कळेलच.

खेळ होता एका रिकाम्या गुदामात, सिमेंटच्या फरशीवर. आठ-नऊ जण. पायांत साधे बूट, त्यांना ठोकलेल्या फळ्या, आणि फळ्यांखाली गिरणीच्या भंगारातल्या बेअरिंगांची चाकं. आवाज असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्या आवाजातून एक किडकिडीत तरुण भिंतीच्या कडेकडेनं सुसाट आला, स्टिकवर चेंडू जणू चिकटलेला, दोघांच्या मधून निघाला, आणि चेंडू जाळीऐवजी बांधलेल्या गोणपाटात थडकला. हा विठ्ठल कांबळे. नायगावच्या चाळीत राहणारा, परळच्या गिरणीत तिसऱ्या पाळीला. मी बाकी कुणाकडे पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल.

तो माझ्याजवळ येऊन थांबला. म्हणजे थांबला नाही, मला धरून थांबला. "ब्रेक नाय ना साहेब ह्याला," तो म्हणाला. "तुमच्या बर्फाला आहे काय?"

"पात्याला आहे. आडवं करायचं, की थांबतं."

"मग दाखवा ना. इथं शिमला कुठून आणणार?"

दत्ताराम हसला. "मी आणतंय," तो म्हणाला.

रविवारी कारखान्याच्या शीतगृहातली एक खोली रिकामी असायची. दत्तारामनं मालकाला विचारून ती मागून घेतली आणि आदल्या दिवशी जमिनीवर लाद्या एकीला एक लावून टाकल्या. फटींत बर्फाचा चुरा, वरून पाणी. रविवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आत मासळीचा वास मारणारी, आमच्या शिमल्याच्या दोन खोल्यांएवढी बर्फाची जमीन तयार होती. मी गुडघे टेकून हात लावला. मुंबईत आल्यापासून प्रथमच माझ्या बोटांना ओळखीचं काही लागलं.

बूट चार जोडच, म्हणून पाळी लावली. पहिला दत्ताराम. बर्फ ज्याच्या हातून रोज जातो तो माणूस दोन पावलांत उताणा पडला, आणि पडल्या पडल्या हसत राहिला. दादरचा रमाकांत, बँकेतला, भिंत सोडायलाच तयार नाही. विठ्ठल सहा वेळा पडला. सातव्यांदा त्यानं मी सांगितल्याप्रमाणे पाती आडवी केली. किसल्यासारखा बर्फ उडाला आणि तो उभ्याचा उभा थांबला. त्यानं खाली पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थांबलो!" तो ओरडला. "दत्ताराम, मी थांबलो रे!"

दारात सदूकाका कानाला धोतराचा सोगा गुंडाळून उभे होते. दत्ताराम त्यांना आत बोलावत होता, पण ते उंबऱ्याबाहेरच राहिले. "तुमी करा," म्हणाले, "माका भायरच बरा."

त्या सरावानं माझी खात्री पटली. चारजणांची नावं मी मनात धरली: विठ्ठल, दत्ताराम, रमाकांत आणि गोलात उभा राहायला एक दांडगा मुलगा. पण एका सरावावर कुणाला मेजरसाहेबांपुढे उभं करणार? आणखी एक तरी सराव हवा होता. त्या आठवड्यात हरताळ पुकारला गेला होता. दत्ताराम म्हणाला, हरताळाच्या दिवशी सरबतवाले, मासळीवाले कुणी लादी उचलणार नाही. चाळीसेक लाद्या तशाच राहतील, खोलीही रिकामी राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अंथरू. ठरलं.

हरताळ

त्या दिवशी मावशीनं दाराला कडी घातली. बारा दिवसांत पहिल्यांदा. "आज बाहेर पडायचं नाही," ती म्हणाली. दुपारपर्यंत मी खोलीत येरझारा घातल्या. लांबून घोषणा येत, मग एकदम शांत होई, मग फटाके वाजावेत तसे आवाज. खालून कुणीतरी ओरडत गेलं की गोळीबार झाला. मावशी देवापुढे बसली आणि मी कडी काढून जिना उतरलो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. उद्याच्या सरावाची काळजी होती हेही खरं आहे.

ट्राम बंद, दुकानं बंद. मी भायखळ्याच्या दिशेनं चालत सुटलो. एका चौकात रस्ताभर चपला पडल्या होत्या, जोडी कुठलीच नाही. डोळे चुरचुरायला लागले, घसा जळायला लागला. वरच्या गॅलरीतून एका बाईनं घागर ओतली आणि ओरडली, "ओ भाऊ, रुमाल भिजवा, तोंडाला लावा!" मी रुमाल भिजवला. तिला हात जोडायला वर पाहिलं तोवर ती दुसऱ्या कुणासाठी घागर भरायला आत गेली होती.

लालबागला त्या खोलीच्या बाहेर माणसं उभी होती. विठ्ठल जिन्यात बसला होता. त्यानंच सांगितलं. सदूकाका मोर्च्याबरोबर गेले होते. गोळी लागली. इस्पितळात नेईपर्यंत संपले.

मला त्यांच्या बोटांतला तो काटा आठवला. मी विठ्ठलच्या शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ताब्यात दिलं. बायको गावी, मालवणजवळ. तार केली होती. दिराबरोबर बोटीनं निघाली की ती उद्या सकाळी पोचणार. तोवर थांबायचं, तिला तोंड दिसलं पाहिजे, असं चौदातल्या उरलेल्या तेराजणांनी ठरवलं. उकाडा होताच. दत्ताराम मला बाजूला घेऊन गेला.

"त्यो लादयो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी ठेवलेल्यो. काकांसाठी घेवक होयो."

मी लगेच हो म्हणालो नाही. हे मला लिहायलाच हवं. मनात परतीचा दिवस आला, मेजरसाहेब आले, या लाद्या गेल्या तर दुसरा सराव नाही हे आलं. क्षणभरच आलं असेल. पण दत्ताराम माझ्याकडे बघत होता, आणि त्यानं ते पाहिलं. रागावला नाही. नुसता एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायचा तो थांबला.

"चला," मी म्हणालो. "मी धरतो."

हातगाडीवर गोणपाट आणि भुसा घालून आम्ही लाद्या आणल्या. मी, विठ्ठल, दत्ताराम, रमाकांत. अरुंद जिन्यातून एकेक लादी खांद्यावर चढवली. माझा सदरा पाठीला चिकटला आणि खांदा बधिर झाला. खोलीत लाद्या मांडून त्यांच्यावर चटई घातली आणि काकांना ठेवलं. विरघळलेलं पाणी गॅलरीतून खाली जाऊ लागलं. मजल्यावरच्या बाया न बोलावता बालद्या आणि पोती घेऊन आल्या आणि पाळीपाळीनं पाणी टिपत राहिल्या. मी पाया पडायला वाकलो तेव्हा कुणीतरी माझ्यासाठी सरकून जागा केली.

सकाळी काकांची बायको आली. बारीक चणीची, हातात लहानशी वळकटी. ती रडत आली नाही. खाली बसली, चटईच्या कडेला हात लावला आणि हात मागे घेतला.

"ह्येंका थंडी सोसना नाय," ती म्हणाली. सगळ्यांकडे पाहून म्हणाली, जणू कुणाला माहीत नव्हतं म्हणून चूक झाली. मग वळकटीतलं आपलं लुगडं तिनं काकांच्या पायांवर ओढलं, आणि तेव्हा तिला रडू फुटलं.

हिंदमाता

दोन दिवसांनी दुकानं अर्धीमुर्धी उघडली. मी परत निघायच्या तयारीत होतो, एकटाच. विचारायचं धाडस नव्हतं. विठ्ठलनंच निरोप पाठवला की दादरच्या कापडबाजारात, हिंदमात्याला भेटा.

तो कापडाच्या दुकानाबाहेर उभा होता. "गरम कापड कुठलं घेऊ?" त्यानं विचारलं. "दुकानदार म्हणतो शाल घ्या, बाळंतिणीला चालते."

"म्हणजे तू येणार?"

"येणार. रमाकांतपण येतोय. गोलातल्या पोराला घरचे सोडत नायत." तो दुकानाच्या फळीवर बसला आणि लगेच उठला. "पण एक बोलू? इथं आमच्या माणसाला मारलं. आणि तिथं मी देशाचा म्हणून खेळायचं. चाळीतले विचारतात, विठ्या, कुठल्या तोंडानं जातोस?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगू?" तो पुन्हा फळीवर बसला. "दत्तारामला विचारलं. तो काकीला गावाला सोडायला चाललाय, तो येत नाय. तो बोलला, जा. काका त्या दारात कशाला उभे होते? आपला पोरगा पडतो काय थांबतो ते बघायला. जा बोलला."

आम्ही फ्लॅनेलचं कापड घेतलं. दुकानदारानं विचारलं, कुठे निघालात? विठ्ठल म्हणाला, "बर्फात." दुकानदार हसला नाही. त्या आठवड्यात मुंबईत कुणी फारसं हसत नव्हतं.

मावशीनं निघताना आम्हां तिघांच्या हातांवर दही घातलं. विठ्ठल दाराबाहेरच थांबला होता. तिनं त्याला हाताला धरून आत घेतलं, पाटावर बसवलं, आणि शेजारणीनं बघितलं तर तिलाही बघू दिलं.

शिमला

चारांऐवजी दोघेच आणले म्हणून मेजरसाहेब कुरकुरले. पण पहिल्याच सकाळी विठ्ठल मैदानावर उतरला तेव्हा ते जवळ येऊन बघू लागले. कडेला भिंत नाही, छत नाही, मासळीचा वास नाही. समोर पांढरी सपाटी आणि तिच्यापलीकडे देवदार. तो मध्यापर्यंत गेला, पाती आडवी करून थांबला, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग कानाला हात लावून परत आला. "साहेब, टोपी द्या," म्हणाला. मग रोज पहाटे, बोटं सुजेपर्यंत. रमाकांतनं भिंत नाही म्हटल्यावर स्टिकचाच आधार केला आणि निभावून नेलं. महिनाभर हेच. मुंबईहून पत्रं येत, वर्तमानपत्रं शिळी होऊन येत, आणि ती वाचल्यावर विठ्ठल रात्री क्लबाच्या खोलीत फेऱ्या मारी. दोनदा त्यानं वळकटी बांधली. दोनदा सोडली.

सामना आम्ही हरलो, आणि चांगलेच हरलो. ते लोक लहानपणापासून गोठलेल्या तळ्यांवर वाढलेले. आमच्या पन्नाशीच्या माणसांना पहिल्या भागातच धाप लागली. पण शेवटी शेवटी, बर्फावर चेंडूऐवजी असते ती रबराची जड चकती विठ्ठलच्या स्टिकला लागली. मी त्याला गुदामात पाहिला होता तसाच तो कडेकडेनं निघाला, फक्त या वेळी आवाज नव्हता. दोघांच्या मधून गेला. त्यांचा गोलरक्षक पुढे आला, विठ्ठल जागच्या जागी थांबला, तो माणूस घसरत पुढे गेला, आणि विठ्ठलनं चकती आत ढकलली. देशाच्या नावावर तेवढा एकच गोल.

सामन्यानंतर टेबलावर क्लबाची वही उघडली. कुणी गोल केला, तो कुठला, हे त्यात लिहायची पद्धत. वकिलातीतले लोकही शेकोटीभोवती चहा घेत उभे होते.

"गाव?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"मुंबई."

"राज्य?"

"महाराष्ट्र," विठ्ठल म्हणाला.

मेजरसाहेबांनी टाक वर उचलला. "असं राज्य नाही."

विठ्ठलनं हिंदुस्थानीत उत्तर दिलं, त्यांना समजावं म्हणून, अगदी हळू. "होगा, साहब. आप लिखिए."

मेजर नियमांचे पक्के. वहीत खाडाखोड त्यांना चालत नाही. त्यांनी विठ्ठलकडे पाहिलं, त्याच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, मग टाक माझ्यापुढे धरला. "तू आणलेला माणूस आहे," ते म्हणाले. "मला स्पेलिंग येत नाही. तू लिही."

मी सरकारी नोकर. असल्या गोष्टी कागदावर आपल्या अक्षरात असू नयेत हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी टाक घेतला आणि दौतीत बुडवला. शाई थंडीनं घट्ट झाली होती, निबाला लागेना. विठ्ठलनं दौत उचलली, दोन्ही तळव्यांत धरली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, पुन्हा सोडली, आणि हलवून बघून माझ्यापुढे ठेवली.

मी लिहिलं.